ढमूची एकशे चौदा बटणं

ढमूला नऊ महिने झाले तेव्हा त्याच्या जांघेत द्राक्षाएवढी गाठ दिसली. रडला की फुगायची, निजला की आत जायची. सर्जन म्हणाले, हर्निया आहे, पाऊण तासाचं काम. ढमूच्या आईने मान डोलावली. ढमूचे वडील मात्र वायरमन होते.

मोठमोठ्या इमारतींचं वायरिंग दुरुस्त करायचं त्यांचं काम. मेन स्विच बंद करण्याआधी कुठल्या मजल्यावर काय चालू आहे ते लिहून घ्यायचं, काम झालं की एकेक जुळवायचं, आणि मगच शिडी उचलायची. अठरा वर्षांत त्यांच्या हातून कुणाचा फ्रिज चुकून बंद राहिला नव्हता.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी दोघांना बोलावलं. बाई अतिशय प्रामाणिक होत्या, आणि तिथेच सगळं फसलं.

"भुलीचा मेंदूवर काही परिणाम?" वायरमनने विचारलं.

"उंदरांच्या पिल्लांवर प्रयोग झालेत," बाई म्हणाल्या. "तासन्‌तास भूल दिली तर वाढत्या मेंदूतल्या काही जनुकांचं काम बदललेलं दिसतं. जनुकं म्हणजे शरीराला दिलेल्या सूचना. कुठली कधी चालू, कधी बंद, याची जणू बटणं असतात. त्यातली काही इकडची तिकडे होतात. पण ते उंदरांचं झालं. बाळाला एकदाच, थोडा वेळ भूल दिली तर पुढे काही बिघडतं असं आजवरच्या अभ्यासात दिसलेलं नाही."

वायरमनचे कान बटणांपाशीच थांबले होते.

"किती बटणं?"

"जनुकंच वीसेक हजार."

"यादी आहे?"

"यादी कशाला?"

"आधी काय चालू होतं ते नको लिहून ठेवायला? नंतर जुळवणार कसं?"

"जिवंत बाळाच्या मेंदूतून अशी यादी काढता येत नाही हो."

"म्हणजे तुम्ही यादी न करताच मेन पाडता," वायरमन हळूच म्हणाले. आवाजात राग नव्हता, कीव होती.

बटणं दिसत नसतील तर दिवे बघावेत, असं त्यांनी ठरवलं. तीन दिवस कामावर न जाता ते ढमूसमोर वही घेऊन बसले. पंखा लावला की हात हलवतो. चमचा उजवीकडून आला तर गिळतो, डावीकडून आला तर थुंकतो. आईच्या शिंकेला हसतो, बापाच्या शिंकेला नाही. अशा एकशे चौदा नोंदी झाल्या. शेवटची होती : आत्याला बघताच भोकाड पसरतो.

आत्या म्हणजे वायरमनची थोरली बहीण. गाडी चालवण्याच्या परीक्षेत लोकांना नापास करणं ही तिची नोकरी. वर्षानुवर्षं शेजारच्या सीटवर ओठ आवळून बसल्यामुळे तो आवळलेला चेहरा आता सुट्टीच्या दिवशीही सैल होत नसे. रविवारी यायची, दारातूनच खेळणं द्यायची आणि "उगाच रडवायला नको" म्हणून आल्या पावली परत जायची.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी घरी सोडताना 'बाळ सुखरूप मिळाले' या ओळीखाली सही हवी होती. वायरमनने वही उघडली.

"आधी जुळवू."

डॉक्टरबाई स्टुलावर बसल्या. सिस्टर एकेक नोंद वाचू लागली. आईला शिंक येईना, म्हणून तिच्या नाकाशी मिरपूड धरावी लागली. ढमू हसला. मग बापाच्या नाकाशी धरली. ढमू हसला नाही. एकशे तेरा नोंदी जुळल्या. आत्याला फोन गेला. एका उमेदवाराला अर्धवट रिव्हर्समध्ये सोडून ती धावत आली आणि सवयीने दारातच थांबली.

ढमूने तिच्याकडे पाहिलं. खुदकन हसला आणि दोन्ही हात पसरले.

आत्याने मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं.

"फरक!" वायरमन ओरडले. "बघा, एक बटण फिरलं!"

हॉस्पिटलात तक्रार नोंदवणाऱ्या कारकुनाच्या फॉर्मवर तीनच रकाने होते : दुखापत, गैरवर्तन, हरवलेली वस्तू.

"तुमचं काय?"

"रडणं गेलं."

"वस्तूत घालतो." त्याने लिहिलं, 'रडणे, एक नग.' "रंग?"

इकडे आत्या रोज येऊ लागली. त्या आठवड्यात तिने अकरा जणांना पास केलं. साहेबांनी बोलावून विचारलं, बाई, तब्येत बरी आहे ना?

तक्रारीवर उत्तर देणं भाग होतं, म्हणून डॉक्टरबाई घरी आल्या. आत्या जमिनीवर फतकल मारून बसली होती आणि ढमू तिचा चष्मा चाटत होता.

"डॉक्टर, आधीच सांगून ठेवते," आत्या म्हणाली, "याच्यात काहीही दुरुस्त करायचं नाही."

"ताई, तू मध्ये बोलू नकोस," वायरमन म्हणाले. "डॉक्टर, हे भुलीने झालं की नाही?"

"एका बाळावरून मला ते सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "पण या वयात मुलं आठवड्याला बदलतात. भूल असो नसो, ती बटणं रोजच चालू-बंद होत असतात. वाढणं म्हणजे तेच."

"मेन बंद न करता?"

"मेन कसा बंद करणार?"

"म्हणजे चालू लाईनवर?" वायरमनने विचारलं. "रोज? आणि बघायला कुणी माणूस नाही?"

"कुणी नाही."

त्यांनी वाकून पोराचं डोकं एकदा नीट बघितलं. मग चपला घातल्या आणि तक्रार मागे घ्यायला निघाले.

कारकून म्हणाला, हरवलेल्या वस्तूची फाईल वस्तू सापडल्याशिवाय बंद होत नाही. वायरमन घरी आले आणि बहिणीला म्हणाले, "ताई, साक्षीदारासमोर एकदाच रडव त्याला."

"नोकरी सोडीन, पण रडवणार नाही," आत्या म्हणाली.

फाईल अजून उघडीच आहे. परवा कारकुनाचा फोन आला, तो ढमूच्या आईने घेतला. "अहो, दात येतायत त्याला, सकाळपासून घर डोक्यावर घेतलंय. हवं तेवढं रडणं घेऊन जा."

"आत्याला बघून रडतोय का?"

"छे, तिच्या मांडीवर गेला की गप्प."

"मग ते आमचं नव्हे," कारकून म्हणाला. "शोध चालू ठेवतो."