बोट लागली

शिमग्याच्या आधीच चिमाची एकदा जंगी फजिती होऊन गेली होती, आणि पुढे जे झालं त्यात त्या फजितीचा मोठा हात होता.

शाळेत बाईंनी देवीच्या रोगाचा धडा घेतला. आधी ताप, मग जिभेवर लाल ठिपके, मग फोड, मग खपल्या, असं फळ्यावर लिहिलं. मुंबईत साथ आहे, घरोघरी जाऊन सांगा, म्हणाल्या. चिमाला काही सांगायला मिळालं की तिचे पाय जमिनीवर ठरत नसत. तिने अख्ख्या वाडीला सांगितलं. आणि त्याच आठवड्यात ओल्या काजूच्या बिया फोडता फोडता तिने तशाच हातांनी गाल खाजवले. सकाळी पाहते तर गालांवर पाण्याने भरलेले टरटरीत फोड. ती थेट गोठ्यात शिरली आणि आतूनच ओरडली, "मला देवी आल्यात. कोणी जवळ येऊ नका. माझं ताट उंबऱ्यावर ठेवा."

आयेने आत येऊन तिचा कान पकडला. आयेच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे वण होते, तिला कोण शिकवणार. "काजूचा चीक उतलाय मेले. खोबरेल लाव नि आलीच आहेस गोठ्यात तर शेण काढ."

झालं. विहिरीवर बायका विचारू लागल्या, "काय गो चिमा, आज काय, प्लेग की पटकी?" चिमाही हसली, पण घरी येऊन ठरवून टाकलं, आता रोगाचं नाव काढायचं नाही.

मग रघूदादा आला. तिचा मोठा भाऊ, मुंबईला गिरणीत होता. मुलगा झाल्यावर पहिल्यांदाच घरी येत होता, त्यातून शिमगा. सखूवयनी सकाळपासून दोनदा वेणी घालून बसलेली. बाळ अजून पाळण्यात मुठी चोखण्याएवढं. त्याच्या देवी काढायच्या राहिल्या होत्या. शिमगा होऊ दे मग टोचू, असं आये म्हणाली होती.

दादा बोटीतून छोट्या पडावात, पडावातून बंदरावर आणि तिथून चालत घरी आला. दारापुढच्या खळ्याच्या कडेला भडाभडा ओकला आणि पडवीतल्या घोंगडीवर आडवा झाला.

"बोट लागली," आप्पा म्हणाले. आप्पांचा जन्म गलबतावर गेलेला. "खलाशाच्या पोराला बोट लागली. नाक कापलंस रे माझं." सगळे हसले. दादाही जरासा हसला.

दुसऱ्या दिवशीही तो उठला नाही. कंबर मोडून निघतेय म्हणाला, डोकं फुटतंय म्हणाला. आयेने कोकमाचं सार केलं. "बोट लागली की असंच होतं. उतरेल." चिमा सार घेऊन गेली. त्याचा हात तिच्या हाताला लागला आणि तिला तवा आठवला.

"दादा, अंग किती तापलंय."

"उन्हातून आलो ना." तो डोळे मिटून बोलत होता. "आमच्या खोलीतल्या धाकूलाही असाच ताप होता. मग अंगावर काय काय उठलं. दवाखान्यात नेला, परत आलाच नाही."

दादाने सार प्यायला तोंड उघडलं. जिभेवर लाल ठिपके होते, बारीक, कुंकू शिंपडल्यासारखे.

तेवढ्यात वयनी बाळाला घेऊन आली. "घ्या की जरा. काल नुसतं लांबून बघितलंत." दादाने हात पुढे केले.

"नको," चिमा म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की कोणी ऐकलाच नाही. बाळ बापाच्या छातीवर गेलं, आणि दादाने त्याच्या टाळूवर ओठ टेकले.

ती मागच्या दारी जाऊन उभी राहिली. गालावरच्या सुकलेल्या खपल्या खाजत होत्या आणि जणू म्हणत होत्या, बोल की, बोल परत, सगळी वाडी वाट बघतेय हसायला. उद्या देवाची पालखी दारी यायची. खळ्यात माणसांना उभं राहायला जागा नसते तेव्हा. आत्ता चुकीचं बोललं तर आये जन्मभर सुनावणार. आणि बरोबर असलं तर? बरोबर असलं तर ते टाळूवरचे ओठ. ती धावतच पडवीत आली. आप्पा तिथे सुतळी वळत बसले होते.

"आप्पा, तुम्ही इतकी वर्षं गलबतावर होतात. बोट लागलेल्या माणसाचं अंग कधी तापलेलं बघितलंत?"

"नाही. ओकतो, हिरवा पडतो. जमिनीवर आला की दोन घटकांत भाकरी मागतो."

"आणि दादाला याआधी कधी लागली होती?"

आप्पांचा हात थांबला. "त्याला? पाळण्याऐवजी होडीत वाढलाय तो. त्याला कशी लाग…"

सुतळी खाली पडली. आप्पांच्या तोंडावरचा रंग उतरताना चिमाने पहिल्यांदाच पाहिला, आणि तेव्हा ती खरी घाबरली. तोवर तिला कुठेतरी वाटत होतं, आप्पा म्हणतील, खुळी आहेस गो.

आये आतून आली. "परत हिचं सुरू झालं? उद्या पालखी यायचीय दारात. असलं नाव काढू नको."

"दादाची जीभ बघ, आये. एकदा बघ नि मग मला मार."

आये तणतणत पडवीच्या टोकाला गेली. वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग तिने त्याच्या छातीवरचं बाळ उचललं, वयनीच्या हातात जवळजवळ फेकलं आणि म्हणाली, "सखू, जा इथून. बंदरावर देवी टोचणारा डॉक्टर बसतो ना, त्याच्याकडे जा. आत्ता."

"पण यांना…"

"मी आहे. मला एकदा येऊन गेल्यात. मला परत विचारायच्या नाहीत."

वयनी नि चिमा बाळाला घेऊन धावल्या. वयनीने डोईवरचा पदर सावरला नाही की कोणाकडे पाहिलं नाही. वाटेत कोणीतरी हाक मारली, "काय गो चिमा, आता कसली साथ?" चिमा धावतच राहिली. पहिल्यांदाच तिच्याकडे खरं सांगण्यासारखं होतं आणि थांबायला वेळ नव्हता.

डॉक्टरने बाळाच्या दंडावर लस ठेवून बारीक दातांची चकती फिरवली. बाळ किंचाळलं. मग वयनीला टोचलं, मग चिमाला. "वेळेत आलात असं वाटतं," तो म्हणाला. "दंडावर लस फुलली तर समजा धरली." आणि नाही फुलली तर, हे विचारायचं दोघींनाही धैर्य झालं नाही.

त्या दोघींना नि बाळाला घरापासून लांब, काजूच्या बागेतल्या खोपीत ठेवलं. त्या रात्रीतच दादाच्या तोंडावर, तळहातांवर पुरळ उठलं. दुसऱ्या दिवशी ढोल वाजत पालखी जवळ आली, आणि आप्पा दगडी गडग्यापाशी हात जोडून आडवे उभे राहिले. "देवा, या खेपेला पुढे जा. माझ्या घरात देवी आलीय." ढोल थांबले. पालखी वळली. खोपीतून चिमाला नुसते माणसांचे पाय दिसले, घाईघाईने मागे सरणारे.

मग वाट बघणं आलं. सकाळ झाली की वयनी बाळाला उघडं करायची आणि दोघी मिळून बघायच्या, कानामागे, तळव्यांना, बोटांच्या बेचक्यांत. डास चावला तरी वयनी रडायला लागायची. एका सकाळी बाळाच्या दंडावर खरंच फोड आला.

"बाकी कुठे आहे का बघ," चिमा म्हणाली. त्यांनी बाळ उलटंसुलटं केलं. बाळाला ती गंमत वाटून ते हसलं. टोचलं तिथेच फोड होता, लस फुललेली. दुसरीकडे कुठे नव्हता.

"परत बघ."

परत बघितलं.

बागेच्या गडग्याच्या पलीकडून आप्पांची हाक आली. रोजच्यापेक्षा आवाज बरा होता. "चिमा, तुझी आये सांगते, रघूने आज पेज मागितली. पोर कसं आहे?"

चिमाने तोंड उघडलं. सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा आवाज होता तिचा, पण आत्ता तो येईना. तिने बाळाला उचललं आणि त्याचा तो दंड तेवढा गडग्याकडे करून धरला.