पृथ्वीच्या कडेनं तारे धरणारी म्हातारी

मी बोलतेय. पण माझ्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखव, तर तुला मानलं! मी मिठाच्या जातीची, काचेसारखी नितळ वीट आहे आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहात राहते. घे, हसून घे.

भट्टीत वितळवून, सावकाश निववून मला जन्माला घातलं. ओल लागली की मी पिवळी पडते, म्हणून डब्यात कोंडलं आणि धाडलं वर. काम काय? आकाशातून गॅमा किरण येतात, म्हणजे एक्स-रेचे दांडगे थोरले भाऊ. एखादा अंगावर आदळला की मी लुकलुकते. कुठून आला ते विचारू नकोस. गुदगुली कळते, करणारा दिसत नाही.

मग खालच्या लोकांनी युक्ती काढली. तारा पृथ्वीच्या कडेआड गेला की माझं लुकलुकणं जरा कमी होतं. म्हणजे तारा त्या कडेवरच कुठंतरी. तिथं नकाशावर रेघ ओढायची. माझी वाट हळूहळू कलते, तशा रेघाही निरनिराळ्या तिरक्या पडतात. साऱ्या जिथं एकमेकींना कापतात, तिथं तारा.

नकाशा काढायच्या वहिनी. साहेब म्हणजे त्यांचे सख्खे दीर. दीर-भावजय एकाच कचेरीत, म्हणजे फुकटची करमणूक! मी वरून ऐकायचे. कसं, ते म्हातारीला विचारू नये.

एकदा नकाशात नवा ठिपका उमटला. साहेब खुर्चीतून उडालेच.

"वहिनी, नवा तारा! आजच जाहीर करतो. नकाशा पुरा, म्हातारी बंद!"

म्हातारी म्हणजे मीच हो!

"भावोजी, दमानं. तिथल्या सगळ्या रेघा जवळजवळ एकाच बाजूला कललेल्या आहेत. त्यांना छेदणारी आडवी कडा तिथून अजून गेलीच नाही. भूत असेल ते, रेघांच्या गर्दीतून उमटलेला खोटा ठिपका."

"तुम्हाला सगळीकडे भुतंच दिसतात!"

"तुमच्या डोक्याचा स्कॅन काढला, तेव्हा यंत्र भोवती फिरलं ना? एकाच बाजूनं काढला असता तर नाकालाच गाठ म्हणाले असते. तुमचं नाक काय लहान आहे?"

साहेबांनी नाक चाचपलं. "बरं. आडवी कडा जाईपर्यंत. पुढं एक दिवस नाही."

वाट कलली. आडवी कडा आली, ठिपक्यावरून गेली, आणि माझं लुकलुकणं जराही कमी झालं नाही. भूतच! साहेबांचा चेहरा पडला. माझा शेवट आला म्हणायचा. पण कडा थोडी पुढं सरकली आणि मी किंचित मंदावले. पुढच्या फेरीतही तिथंच. त्याच्या पुढच्या फेरीतही तिथंच! खरा तारा जुन्या रेघांवरच, पण ठिपक्यापासून जरा पुढं दडून बसला होता.

"करा आता जाहीर," वहिनी म्हणाल्या.

"थांबा हो! अजून एका बाजूनं बघू. म्हातारी चालू राहू दे."

वहिनींनी पदराआड हसू दाबलं. मी कशाला दाबतेय!

तर मी अजून चालू आहे, आणि ज्यांनी मला बंद करायचं ठरवलं होतं तेच आता रोज माझी चौकशी करतात. बरं, कडा जवळ आलीय. बोलत बसले तर तारा निसटेल. चल, ऊठ. जा आता.