जमिनीत रोवलेला घाणा

मित्रांनो, मी पोलादपूरचा तेलाचा जुना घाणा. खरं सांगायचं तर घाण्याचा वरचा अर्धा. खालचा अर्धा अजून जमिनीतच आहे. तो काही बोलत नाही, म्हणून दोघांची हकीकत मीच सांगतो.

आधी मी आंबेनळीच्या वाटेवरचं चिंचेचं झाड होतो. कुशाबा तेल्याच्या बापानं माझं खोड आणलं, पोट पोखरलं, पडवीत खोल खड्डा खणला आणि मला कमरेपर्यंत पुरून भोवती दगडमाती ठासली. माझ्या पोटात लाट, म्हणजे तीळ-कारळे चिरडणारं उभं लाकूड. ते फिरवायला बैल.

घाणा डुगडुगला की तेल कमी उतरतं. मी तीस वर्षांत एकदाही डुगडुगलो नाही. डोंगरातल्या वाड्यांमधून बायका डोक्यावर पाट्या घेऊन, वाटेतले दोन घाणे ओलांडून आमच्याकडे यायच्या. "कुशाबाचा घाना म्हंजे देवळाचा खांब हाय गो," म्हणायच्या. हे ऐकलं की कुशाबाला त्या दिवशी जेवणसुद्धा कमी लागायचं. त्याची बायको राहीबाई मात्र माझं पोट फडक्यानं पुसता पुसता म्हणायची, "पुरे झाली रे तुझी थोरवी. तेल दे."

मग कुशाबा आपल्या मेव्हण्याला जामीन राहिला. मेव्हणा मुंबईला गेला तो गेलाच, घेणेकरी कोर्टात गेला, आणि हुकूमनामा तेवढा कुशाबाच्या घरी आला.

एकोणीसशे एकतीस साल. मार्गशीर्षातली दुपार होती. महाडहून बेलीफ आला, बरोबर दोन पंच. घराच्या जप्तीचा कागद लिहायला बसला. कुशाबा बैलाला पाणी पाजायला मागच्या दारी गेला होता. राहीबाई खांबाला धरून उभी होती.

"रावसाहेब, घर घेताव तर घ्या. पन घाना नको. हाताला काम ऱ्हाऊ द्या."

बेलीफ माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, कारागिराचं हत्यार कोर्ट घेत नाही. पण ते सुटं पाहिजे. जमिनीत पक्कं असलं, तर ते घराबरोबर जातं."

तेवढ्यात कुशाबा आत आला. यातलं एक अक्षर त्यानं ऐकलं नव्हतं. बेलीफानं पेन्सिल उचलली आणि अगदी हळू, लहान मुलाला उत्तर सुचवावं तसं विचारलं, "काय कुशाबा, हा घाणा हलतो ना?"

कुशाबाच्या तोंडावरचा रंगच पालटला.

"हालतो? माझा घाना? कोनी सांगितलान तुमाला?"

"नीट आठवा. थोडासा? कुठंतरी?"

"हत्ती जुंपा, रावसाहेब! तसूभर नाय हालायचा!"

महिपती नावाचा पंच जोरात खोकला. राहीबाई पुढं झाली. "अवो, हालतो की! परवाच नाय का हालला?"

"तू गप ऱ्हा गो! बाप वरनं ऐकत असंल माझा!" असं म्हणून कुशाबानं मला खांदा लावला आणि पाय रोवून रेटलं.

मित्रांनो, मला सगळं समजत होतं. होतं नव्हतं ते बळ एकवटून मी हलायला बघितलं. एक केसभर हललो असतो तरी बेलीफानं हसून लिहून घेतलं असतं. पण पुरलेल्या लाकडाला कसलं आलंय बळ! मी उभाच राहिलो. देवळाच्या खांबासारखा.

बेलीफानं मान खाली घातली आणि लिहिलं. घाणा दगडमातीत पक्का. हलत नाही.

राहीबाई खाली बसली. "आता तरी कळलं का तुमाला, त्यांनी काय इचारलं ते?" आणि तिनं त्याला सांगितलं. ऐकता ऐकता कुशाबाचा खांदा माझ्यावरून सुटला.

"खोडा की रावसाहेब. मी खोटा बोललू."

"पंचांनी डोळ्यांनी पाहिलंय, कुशाबा."

मग दवंडी झाली, लिलाव झाला. घर महाडच्या एका भातव्यापाऱ्यानं घेतलं. त्याला पोती ठेवायला जागा हवी होती आणि मी मधोमध आडवा येत होतो. दोन करवत्यांनी दीड दिवस खपून मला जमिनीसपाट कापलं. सगळ्या पडवीत तेलाचा वास सुटला होता.

कापल्यावर मी नुसतं जळण. राहीबाईनं दारात उभं राहून मला मागितलं. व्यापारी म्हणाला, "न्या." दोघा नवराबायकोनं मला लोटत लोटत भाड्याच्या खोपटात आणलं. पण बुडखा नसलेल्या घाण्यात लाट घातली की तो कलंडतो. आता माझ्या पोटात राहीबाईची कोंबडी अंडी घालते. ती बिचारी निगुतीनं बसते, माझी तक्रार नाही. कुशाबा महाडला हमालीला जातो. आला की माझ्याकडे पाठ करून जेवतो.

राहीबाई अजून मला पुसते. म्हणून मित्रांनो, मला तुमच्याकडून काही नको. हल्ली गावात तेल मुंबईहून डब्यांतून येतं आणि तुम्हीच ते दुकानातून आणता, मला ठाऊक आहे. वाटेत कुशाबा भेटला, तर एवढं करा. तेलाची बाटली पाठीमागं धरा, आणि तो लांब जाईपर्यंत तशीच धरून ठेवा.