मी पाहिलं ते आणि मला दिसलं नाही ते

मी एक सूक्ष्मदर्शक आहे. तळोद्यात मला सगळे दुर्बीण म्हणतात. माझा जन्म विलायतेत झाला. पलटणीच्या घोड्यांच्या दवाखान्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथले नासिर सलोत्री, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, निवृत्त झाले, तेव्हा मला घेऊन आपल्या गावी आले. त्यांच्या ओसरीवर माझं टेबल आहे. लोक त्यांच्यापेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवतात. याचीच मला लाज वाटते.

एका बाजारच्या दिवशी कौसाबाई आपला भुऱ्या कुत्रा घेऊन आली. त्याच्या कानांच्या कडा आणि कोपर केस झडून उघडे पडले होते.

"चाचा, याले खरूज शे का देखा. गाव म्हणस, खरूज व्हई ते मारी टाका."

सलोत्रींनी बोथट सुरीनं कोपरावरची कातडी थोडी खरवडली, काचेवर तेलाच्या थेंबात ठेवली आणि माझ्याखाली सरकवली. मी डोळे ताणून पाहिलं. केस दिसले, कोंडा दिसला. किडा कुठं नव्हता.

"किडा नही," सलोत्री म्हणाले.

कौसाबाईनं त्यांना नाही, मला हात जोडले. गावात तिनं सांगितलं, दुर्बिणीनं भुऱ्याला सोडलं. गावानं मानलं. भुऱ्या पुन्हा अंगणात, तिच्या नातीच्या गोधडीवर झोपू लागला.

पंधरवड्यानं ती परत आली, तेव्हा नातीची बोटं खाजवून सोलली होती. सोबत गावकारभारी वीरसिंग होता, हातात काठी घेऊन.

"चाचा, तुन्ही दुर्बीण आंधळी शे का?" वीरसिंगनं विचारलं.

"आंधळी नही. मी तिले एकच काच दाखाडी." मग सलोत्री कौसाबाईकडे वळले. "त्या दिवशी याले धोयेल व्हतं का?"

"मंग! तुम्हनासमोर घाण कुत्रं कसं आणू? विटकरनं घसडं, तेल चोपडं."

ज्या खपल्यांत किडे राहतात, त्याच तिनं मानापानासाठी घासून काढल्या होत्या. आज भुऱ्या न धुता तसाच आला होता. सलोत्रींनी रक्ताचा ठिपका दिसेपर्यंत, चार जागी खरवडलं. तीन काचा रिकाम्या गेल्या. चौथीवर किडा दिसला: गोल, आखूड पायांचा, संथ हलणारा. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला वाटलं, कुणीतरी माझ्यावर झाकण घालावं.

नातीला सरकारी दवाखान्यात पाठवलं. भुऱ्याला गंधकाचं मलम मिळालं, आणि वीरसिंगकडून होळीपर्यंतची मुदत.

होळीच्या आदल्या दिवशी कौसाबाई आणि वीरसिंग भुऱ्याला घेऊन आले. सहा काचा झाल्या. कशातच काही नव्हतं.

"आते ही नही म्हणस," वीरसिंग म्हणाला. "मांघे बी नहीच म्हणे ना?"

सलोत्रींनी सहावी काच पुसून ठेवली.

"मंग दुर्बीणले नको इचारू," कौसाबाई म्हणाली. "बस आठे. कुत्राकडे देख."

दोघं पायरीवर बसले. भुऱ्याच्या कानांवर नवी लव आली होती. एकदा त्यानं मागचा पाय उचलला. कौसाबाई पुढं झुकली. त्यानं पाय लांब केला, आळस दिला आणि झोपला. उन्हं उतरली तरी त्यानं अंग खाजवलं नाही.

वीरसिंग उठला. "चाल रे भुऱ्या, घर चाल."

आता माझं पितळ काळवंडलंय, स्क्रू सैल झालाय. अजूनही लोक मला हात जोडतात. नका जोडू. मला काही दिसलं नाही, तर एवढंच धरा की त्या काचेवर ते नव्हतं. जनावर शेजारीच बसलेलं असतं. आधी त्याच्याकडे बघा.