ह्वेच्या गल्लीतला विस्तव

मी ह्वे या राजांच्या जुन्या राजधानीची टोपी बोलतेय. पानांची, बांबूच्या सोळा बारीक कड्यांवर शिवलेली, वर निमुळती. टोप्या इतर गावांतही होतात, पण त्या नुसतं डोकं झाकतात. ज्या म्हातारीने मला शिवलं, तिने माझ्या दोन पानांमध्ये कागदाचं कमळ कापून बसवलं. मला उजेडाकडे धरलं तरच ते दिसतं. आता याचा थोडा तोरा मिरवला, तर बिघडलं काय?

सहा वर्षांपूर्वी न्यानबाईंनी मला विकत घेतलं. त्या वाटाड्या. पाहुण्यांना दिवसभर पायी हिंडवून शहर दाखवायचं हा त्यांचा व्यवसाय. बाकीचे वाटाडे झेंडा धरतात, या मला काठीच्या टोकाला अडकवून उंच धरतात आणि ओरडतात, "टोपीकडे बघत या, नाहीतर हरवाल!" त्यामुळे हे शहर मी सगळ्यांच्या डोक्यावरून पाहिलंय. माणसांची गंमतही पाहिलीय. राजे किती झाले हे कुणी विचारत नाही, संडास कुठे आहे हे पहिल्यांदा विचारतात!

पण राजवाड्याच्या वेशीवर आलं की भले भले गप्प होतात. पिवळ्या कौलांवर सकाळचं ऊन उतरलेलं असतं. मी रोज बघते, रोज थक्क होते. न्यानबाईंचंही तेच. मधला दरवाजा राजाचा म्हणून त्यांचे पाय अजून आपोआप बाजूच्या दरवाज्याकडे वळतात. राजा जाऊन किती काळ लोटला, पण पायांना कोण सांगणार?

त्या दिवशी पाचव्या चांद्रमहिन्याची तेविशी, म्हणजे तेविसावी तिथी होती. दक्षिणेकडच्या बेन त्रेहून बारा माणसं आली होती, नारळाच्या बागांतली, मोकळ्या गळ्याची. त्यांत सगळ्यांत मोठा आवाज लुआनकाकांचा. साठी उलटलेली, बोलणं अखंड चालू. हातात एक निळी पिशवी होती, ती मात्र कुठेही खाली ठेवायला तयार नव्हते.

दुपारी जेवायला बसले. बोटभर बशांतून तांदळाच्या वाफवलेल्या चकत्या आल्या.

"न्यानबाई, ही काय भातुकली मांडलीत?" काका गरजले. "एवढ्याशा बशीत आम्ही मांजरालासुद्धा घालत नाही!"

"काका, हे राजाघरचं खाणं. घास लहान, मिरची मोठी. आधी चावून तर बघा."

काकांनी चावलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाकीचे अकरा जण पोट धरून हसले. काकाही हसले, पण मग डोळे पुसायचे थांबेचनात. ते मिरचीचं पाणी नव्हतं, हे मला वरून दिसत होतं.

न्यानबाईंनाही दिसलं. बाकीच्यांना त्यांनी दोन तास बाजारात मोकळं सोडलं आणि काकांजवळ येऊन हळूच विचारलं, "काका, पिशवीत काय आहे?"

"बान तेत. केळं घातलेला चिकट भात, पानात गुंडाळून उकडलेला. माझ्या धाकट्या बहिणीला फार आवडायचा." काकांचा आवाज एकदम बारीक झाला. "सुअंग. इथे भरतकाम शिकायला आली होती. कालव्याकाठची खोली मीच बघून दिली. म्हटलं, आमची पोर पाण्यात वाढलेली, तिला पाण्याची काय भीती! नव्याण्णव सालच्या पुरात खोलीसकट गेली. सापडलीच नाही."

"अरेरे. मग घरी वर्षश्राद्ध...?"

"आई करू देईना. म्हणायची, प्रेत नाही तर पोर जिवंत आहे. देव्हाऱ्यात पितरांजवळ फोटोसुद्धा लावू दिला नाही. मागच्या हिवाळ्यात आई गेली. चोवीस वर्षं झाली, बाई. चोवीस वर्षांत माझ्या बहिणीला कुणी घासभर भात दाखवला नाही. उपाशी हिंडत असेल ती इथे. आज तिला हे जेवू घालायचंय, पण ती येईल का? मी तिला कोणत्या तोंडाने सामोरा जाऊ?"

 न्यानबाईंनी मला काठीवरून काढलं आणि काकांच्या डोक्यावर ठेवलं. ऊन मी म्हणत होतं.

कालव्याकाठी त्या खोलीच्या जागी आता दुचाकी दुरुस्तीचं दुकान उभं होतं. सगळीकडे तेलाचे डाग आणि पान्यांचे आवाज. काका पिशवी छातीशी धरून उभे राहिले. ठेवायची कुठे? वर मला त्यांच्या कपाळाची शीर उडताना जाणवत होती.

"काका, जरा मागे वळून बघा," न्यानबाई म्हणाल्या.

गल्ली बदलली होती. घराघरांतून लोक चौरंग, टेबलं बाहेर आणून दारापुढे मांडत होते. त्यांवर पातळ पेज, मीठ, लाह्या, उकडलेली रताळी, पाण्याचे पेले, गेलेल्यांसाठी जाळायचे कागदाचे कपडे. या दारी, त्या दारी, पार कालव्याच्या वळणापर्यंत. फार पूर्वी याच दिवशी ही राजधानी शत्रूच्या हाती पडली आणि हजारो माणसं पळता पळता खंदकात बुडाली. त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. तरी आख्खं शहर त्यांना जेवायला वाढतं. राजवाड्याची कौलं मी रोज बघते, पण खरं सांगू? ह्वेचं वैभव मला या पेजेच्या वाट्यांत दिसतं. दरवर्षी माझी पानं शहारतात.

एका दारात मेनआजी उदबत्त्या लावत होत्या. ऐंशीच्या घरातल्या, कमरेत वाकलेल्या. काका चाचरत पुढे झाले.

"आजी, एक विचारू? माझी बहीण तुमच्या घरातली नाही. पण तिच्यासाठी हे इथे ठेवलं तर चालेल?"

"आमच्या घरातल्यांचं आत मांडलंय की!" आजी फटकन म्हणाल्या. "हे ज्यांना घर नाही त्यांचं. ठेव. पान सोडून ठेव, त्यांनी काय दातांनी सोडायचं?"

काकांनी पान सोडलं. "चोवीस वर्षं उपाशी आहे हो ती. नव्याण्णवच्या पुरातली."

आजींनी उदबत्ती खोचता खोचता मान वर केली. "उपाशी? तुला कुणी सांगितलं? अरे, पूर आला त्याच्या पुढच्याच वर्षापासून पुरातल्यांचंही आम्ही इथेच वाढतो. एक वर्ष चुकलेलं नाही. तुझी बहीण दरवर्षी माझ्या दारात जेवते. नाव तेवढं माहीत नव्हतं मला. काय नाव तिचं?"

"सुअंग," काका म्हणाले आणि भर रस्त्यात मटकन खाली बसले. एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. दुकानातल्या दुचाक्यांचा आवाजही कुणीतरी बंद केला.

"सुअंग, ये गं बाळे, तुझा दादा आलाय," आजींनी हाक मारली, अगदी शेजारणीला मारावी तशी. मग काकांकडे वळल्या. "रडतोस काय? विस्तव घाल. पाण्यात गेलेली माणसं, गारठून येतात."

काकांनी मातीच्या शेगडीत कोळसे पेटवले. अंगाची लाही करणाऱ्या त्या उकाड्यात ते शेगडीला चिकटून बसले आणि डोक्यावरून मला काढून वारा घालू लागले. जन्मभर उन्हापासून माणसाला वाचवणारी मी, त्या दिवशी एका पोरीला ऊब देत होते. "लागतेय ना गं ऊब? अजून पुढे सरक," काका पुटपुटत होते. एक ठिणगी उडून माझ्या काठाला भोक पडलं. ते त्यांना कळलंच नाही, आणि मलाही त्याचं दुःख नाही.

आता काठीवर नवी टोपी असते. मी न्यानबाईंच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते, तेविशीला फक्त खाली येते. आज तेविशी आहे. मेनआजींच्या गल्लीत जायचंय, तेव्हा निरोप घेते. तुमच्या दारी पान मांडाल, तेव्हा एक बिननावाचंही मांडा, एवढंच माझं मागणं.

सकाळी बेन त्रेहून लुआनकाकांचा फोन आला होता. आवाज तसाच, कान किटवणारा. "न्यानबाई, सुअंगचा फोटो आईशेजारी लावला. आणि यंदा मीसुद्धा दारापुढे चौरंग मांडलाय. तुमच्या ह्वेच्या लोकांना सांगा, त्यांचं कुणी इकडे आमच्या नदीत गेलं असेल तर जिवाला घोर लावून घेऊ नका. ते आमच्याकडे जेवतंय."