दोन हातांचा फॉन्ट

प्रिंटरमधून पान बाहेर आलं आणि माझं डोकंच फिरलं. सगळं सत्र खपून केलेला आमचा फॉन्ट पहिल्यांदाच पूर्ण पानावर उतरला होता. पाहावं तर एक अक्षर काळंकुट्ट, त्याच्या शेजारचं फिकं, पुढची दोन परत काळी. शिरोरेषा तर विचारूच नका, एका शब्दात ती दोनदा जाड व्हायची आणि दोनदा बारीक.

"छान आलंय की," ढब्बू म्हणाला.

"डोळे फुटलेत का तुझे?"

ढब्बू म्हणजे माझा मावसभाऊ. माझ्याहून थोडा लहान, वर्ग माझाच, आणि कॉलेज आमच्या घराजवळ म्हणून मुक्कामही आमच्याकडेच. अक्षररचनेच्या विषयाला जोडीनं एक फॉन्ट करायचा होता. मला वर्गातली दुसरी कोणीतरी हवी होती, जरा कामसू, जरा वेळेवर उठणारी. पण आई म्हणाली, "घरात जोडीदार असताना बाहेर कशाला शोधतेस?" झालं. भाच्याचा विषय निघाला की आमच्या आईपुढे कोणाचं काही चालत नाही.

अक्षरांची वाटणी त्यानंच सुचवली. "क ते न तुझी, प ते ज्ञ माझी. स्वर तू घे, काना-मात्रा मी घेतो." मला वाटलं, वा, सरळ हिशेब, भांडण नको. म्हणून मीही मान डोलावली. अहो, अक्षरं अशी वाटतात का? अक्षरं आकारावरून वाटायची असतात. एकदा व नीट जमला की त्यातून ब निघतो, क निघतो. थ आणि य एकाच घरातले. आम्ही मात्र शाळेच्या भिंतीवरचा तक्ता मधोमध फाडावा तशी वाटणी केली. त्यामुळे माझ्या ख मधला र एक, आणि त्याचा र वेगळाच. दोघांना शेजारी उभं केलं तर ओळखसुद्धा दाखवणार नाहीत.

हा विषय शिकवणाऱ्या मॅडमनी पान बघितलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. त्यांनी असं केलं की वर्गात बाकीचे आपापली पानं पालथी घालतात.

"या पानावर दोन माणसं भांडतायत," त्या म्हणाल्या. "एकाला ठेवा, एकाला घरी पाठवा. शुक्रवारी असंच आणलंत तर दोघंही नापास."

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "कोणतं कोणाचं ते मला सांगू नका. मला माहीत करून घ्यायचं नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

शुक्रवारी बाहेरच्या परीक्षक येणार होत्या. त्यांचा स्वतःचा फॉन्टचा स्टुडिओ आहे आणि दरवर्षी आमच्या वर्गातून त्या एकाच मुलाला किंवा मुलीला हाताखाली घेतात. एकालाच. पहिल्या वर्षापासून माझा त्या जागेवर डोळा होता. एकदा तर मी त्यांच्या इमारतीचा जिना चढून दारापर्यंत गेले होते आणि घंटी न वाजवताच खाली आले होते. ढब्बूला हे माहीत होतं. साऱ्या घराला माहीत होतं, कारण मी दुसरं काही बोलतच नव्हते.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर दोघांनी लॅपटॉप उघडले.

"तर तुझी अक्षरं काढून टाकू," मी म्हणाले.

"का म्हणून?"

"का म्हणून काय? बघ ना जरा!" मी माझा क स्क्रीनभर मोठा केला. बारीक रेघ केसासारखी, जाड रेघ भरदार, वळणावर काय तो डौल! एकेका बिंदूवर मी अख्खी दुपार घालवली होती. "आणि हा तुझा व. पोट सुटल्यासारखा."

"माझ्यावर गेलाय," ढब्बू म्हणाला. आई स्वयंपाकघरातून हसली. मला आणखी चीड आली.

"हे बघ तायडे," तो म्हणाला, "दोघांची वेगवेगळी छापून तर बघू. पुस्तकात असतात तेवढीच, लहान."

मी म्हटलं, छाप बाबा, होऊ दे तुझं समाधान. काना-मात्रा त्याच्याकडे असल्यामुळे बिनमात्रांचेच शब्द घ्यावे लागले. माझ्या वाट्याला आले कटकट, खटखट, चटक. त्याला मिळाले सरळ, सरस, लहर. नशीबसुद्धा त्याच्याच बाजूनं.

पान आलं. मी आधी हातात घेतलं, मग दिव्याखाली धरलं, मग डोळ्यांजवळ नेलं. माझी केसासारखी रेघ गायब झाली होती. जाड रेघांनी ख चं पोट बुजवून टाकलं होतं. कटकट हा शब्द मीच लिहिला होता म्हणून मला वाचता आला. त्याच्या ओळी मात्र सरळ डोळ्यांत शिरत होत्या. काही करावंच लागत नव्हतं.

"तू हे कसं केलंस?" मी विचारलं. आवाज माझा मलाच चिरका वाटला.

"माझ्या स्क्रीनवर तो काळा पट्टा आलाय ना, अर्धं अक्षर दिसतच नाही. मग काय करणार? जरा काही बदललं की छापून बघायचो."

म्हणजे याची स्क्रीन फुटकी म्हणून हा कागदावर बघत राहिला, आणि माझी चांगली म्हणून मी एकेक अक्षर ताटाएवढं करून त्याच्या प्रेमात पडले! काम काय दिलं होतं? पुस्तकाच्या मजकुराचा फॉन्ट. मी केला दुकानाच्या पाटीचा. आणि सत्रभर एकदाही, एकदाही मला कागद काढायची बुद्धी झाली नाही. मी लॅपटॉप धाडकन मिटला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

आई मागून आली. "अगं, त्याला सांग ना तुझ्या वाटची अर्धी नव्यानं काढायला. करेल तो."

"काही नको! माझी मी काढीन."

माझी सगळी अक्षरं मी पुसली. फाईल बाजूला ठेवा, नाव बदलून जपून ठेवा, असलं काही केलं नाही. तसं केलं असतं तर मी दर तासाला ती उघडून बघत बसले असते. मग त्याचा व घेतला आणि त्यातून क काढायला बसले. सोपं वाटलं होतं. पण त्याचं वळण माझ्या हाताला येईचना. माझा हात सारखा नखरा करायचा. मी काढायचे, तो छापायचा, मी पानाचा बोळा करायचे. "जरा सैल सोड," तो म्हणायचा. "तू जरा गप्प बस," मी म्हणायचे. आईनं दिलेला चहा माझ्या शेजारी गार व्हायचा आणि मग तोच प्यायचा. आठवडाभर आमच्या घरात दुसरं बोलणं नव्हतं. शेवटी गुरुवारी दुपारी एक पान आलं, आणि त्यात माझं कुठलं आणि त्याचं कुठलं हे माझं मलाच शोधावं लागलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त दमल्यासारखं झालं.

शुक्रवारी परीक्षकबाईंनी आमचं पान उचललं आणि खिडकीपाशी नेलं. बाकीच्यांची पानं त्यांनी नुसती बघितली होती. आमचं त्या वाचत होत्या. उलटून मागची बाजूही वाचली.

"हे एका हाताचं काम आहे," त्या म्हणाल्या. "कोणाचा हात?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी श्वास घेतला, पण ढब्बू आधीच बोलला होता.

"हिचा. मी नुसत्या काना-मात्रा केल्या. आणि प्रिंट काढल्या."

मी त्याच्याकडे वळले. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. गाढव! कोणी सांगितलं होतं याला? मला काही करावंच लागणार नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. आणि खरं सांगते, मी गप्प बसले. मला ती जागा इतकी हवी होती.

परीक्षकबाई माझ्याजवळ आल्या. व या अक्षरावर बोट ठेवून त्यांनी हौसेनं विचारलं, "हे वळण कसं सुचलं गं तुला?"

उत्तर मला येत होतं. ते वळण मी इतक्या वेळा गिरवलं होतं की झोपेतसुद्धा सांगितलं असतं. कुठे सैल सोडायचं, कुठे आवरायचं, सगळं.

"मला नाही सुचलं," मी म्हणाले. "याला सुचलं. हा खोटं बोलतोय. माझी अक्षरं वाचता येत नव्हती म्हणून मी पुसली आणि याची गिरवली."

परीक्षकबाईंनी मान हलवली, आणि मग ढब्बूला विचारलं, "सोमवारपासून येशील?"

बाहेर व्हरांड्यात मी त्याची कॉलर धरली.

"कोणी सांगितलं होतं तुला मध्ये तोंड घालायला?"

"तुला हवी होती ना ती जागा!"

"हवी होती! अजूनही हवी आहे!"

"मग मी नाही जात."

"गेला नाहीस तर तंगडं मोडीन तुझं."

तो नुसता उभा राहिला, त्या ढब्ब्या चेहऱ्यानं, माझ्या हातातली कॉलर न सोडवता. आणि मला त्याचा इतका राग आला, इतका राग आला, की मी त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले.