आधी दार, मग कुमुद

माझी बायको कुमुद गेल्या श्रावणात गेली. तिच्याबद्दल काही लिहावं असं बरेच दिवस मनात आहे, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं. शेवटी संक्रांतीच्या त्या दिवसापासून करतो. त्या दिवशी ती जायची होती आणि गेली नाही.

आम्ही दिल्लीत, द्वारकेत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मी केंद्र सरकारच्या नोकरीत होतो. निवृत्त झाल्यावर पुण्याला परत जाऊ असं म्हणत म्हणत इथेच राहिलो. इथल्या मराठी मंडळाची बस दर चौदा जानेवारीला पानिपतला जाते. लढाईत पडलेल्यांना फुलं वाहायची, कुणाचं तरी भाषण ऐकायचं आणि येताना चादरी विकत घ्यायच्या. आमच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक. गेटवरचा गार्ड दरवर्षी म्हणायचा, "चल दिए मराठे लड़ने? इस बार जीत के आना."

त्या सकाळीही तो हेच म्हणाला. कुमुद त्याला म्हणाली, "गुडघे साथ देंगे तो जीतेंगे."

गुडघ्यांनी साथ दिली नाही. बस मंडळाजवळ उभी होती आणि तिची पायरी उंच होती. तिनं एकदा पाय टाकून पाहिला आणि खाली घेतला.

"अहो, तुम्ही जा. मी घरी जाऊन पडते."

"मग मीही येतो."

"कशाला? दिवसभर माझं तोंड बघत बसणार? जा. आणि चादर आणाल ती सुती आणा. मागच्या वेळसारखी टोचणारी नको."

ती ई-रिक्षात बसली आणि घरी गेली. रिक्षावाल्यानं तिला बाजाराच्या बाजूच्या छोट्या गेटवर सोडलं. तिथून आमचा जिना जवळ पडतो. तिला आत येताना कुणी पाहिलं नाही.

वाटेत मुरथलला ढाब्यावर बस पराठ्यांसाठी थांबली होती तेव्हा माझा फोन वाजला. खालच्या मजल्यावरचे भसीन होते. ते नेहमीच ओरडून बोलतात, पण आजचं ओरडणं वेगळं होतं.

"भाईसाब, आपके घर में आग लगी है! सामनेवाला कमरा पूरा जल रहा है. फायर ब्रिगेड आ गई है. शुकर है रब का, आप दोनों पानीपत निकल गए थे!"

मी म्हणालो, "कुमुद घर पे है."

"नहीं जी, गार्ड ने खुद देखा, दोनों गए."

"वो वापस गई है. घर में है. उनको बोलो, घर में है!"

माझ्या शेजारी मंडळाचे राजाभाऊ बसले होते. त्यांनी हातातला पराठा खाली ठेवला आणि स्वतःच्या फोनवरून कुमुदला फोन लावला. घंटी वाजत राहिली. तिचा फोन पुढच्या खोलीत चार्जिंगला असायचा.

मग फोनवर दुसरा आवाज आला. शांत, जरा बसलेला, हरयाणवी वळणाचा.

"बाऊजी, मैं सतबीर दहिया, फायर अफसर. माताजी अंदर हैं, पक्का?"

"पक्का."

त्यानं लगेच कुणाला तरी हाक मारून सांगितलं, "बाहर से पानी रोको. अंदर बंदा है."

नंतर मला कळलं ते असं. घर रिकामं आहे असं गार्डनं सांगितलं होतं, म्हणून रस्त्यावरूनच पुढच्या बाल्कनीवर पाणी मारायचं असं त्यांचं ठरलं होतं. रिकाम्या घरासाठी दहिया आपली माणसं आत घालत नाही. आता सगळं बदललं, कारण बाहेरून पाणी मारलं असतं तर वाफ आणि धूर आत तिच्याकडे रेटला गेला असता. पण मला तेव्हा एवढंच ऐकू आलं की पाणी थांबवा म्हणतोय. मी फोनवर ओरडलो, "पानी क्यों रोकते हो?"

"बाऊजी, चिल्लाइए मत, मेरी मदद कीजिए. घर में इस समय वो कहाँ होंगी? अंदाजा नहीं, आदत बताइए."

मी डोळे मिटले. आग कशी लागली असेल ते मला दिसत होतं. पुढच्या खोलीत सोफ्याजवळ आम्ही थंडीत गरम हवेचा ब्लोअर लावतो. कुमुद त्याच्यासमोर बसली असेल तर संपलंच. पण आज ऊन होतं. जानेवारीत ऊन पडलं की ती ब्लोअरजवळ थांबायची नाही, मागच्या बाल्कनीत वेताचा मोढा घेऊन बसायची. आणि ऊन सरकलं की मागच्याच खोलीत रजई घेऊन पडायची. आल्या आल्या ब्लोअर लावून हात शेकले असतील आणि तो तसाच चालू ठेवून मागे गेली असेल.

"पीछे के कमरे में," मी म्हणालो. "सो रही होगी. गुडघ्याची, मतलब घुटने की गोली लेती है, नींद आती है."

"ठीक. मैंने बिल्डिंग का चक्कर लगाया है. सामने काला धुआँ जोर से निकल रहा है. पीछे शीशे पर हल्का है. उस कमरे का दरवाजा बंद रखती हैं या खुला?"

ते मला सांगता येईना. कधी बंद, कधी उघडं. मी तसंच सांगितलं.

"कोई बात नहीं. पीछे ग्रिल है, काटने में टाइम लगेगा. कहीं से खुलती है?"

ते मला माहीत होतं! एसी बसवताना कारागिरानं ग्रिलला खिडकीएवढं दार केलं होतं. त्याचं कुलूप गंजलं म्हणून मी ते काढून टाकलं होतं आणि दार तारेनं बांधून ठेवलं होतं. डाव्या कोपऱ्यात.

"शाबाश, बाऊजी," तो म्हणाला. मी तेव्हा पासष्टी ओलांडली होती आणि बऱ्याच वर्षांत मला कुणी शाबाश म्हटलं नव्हतं.

मग त्यानं आपल्या माणसांना सांगितलेलं मी ऐकलं. भराभर, पण न ओरडता. एक तुकडी पाइप घेऊन जिन्यानं वर. पुढचं दार त्यानं सांगितल्याशिवाय उघडायचं नाही. शिडी मागे. "इरफान, तू खिड़की से घुसेगा. घुसते ही पहले दरवाजा ढूँढ के बंद करना. माताजी को बाद में ढूँढना. समझा? पहले दरवाजा."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "दरवाजा छोड़ो, पहले उसको निकालो!"

"बाऊजी," तो म्हणाला, "वो दरवाजा खुला हुआ तो मेरे खिड़की तोड़ते ही आग को हवा मिलेगी और आग सीधी उसी कमरे में आएगी. दोनों जाएँगे. दरवाजा बंद हो गया तो कमरा हमारा. फिर ढूँढने का टाइम है."

त्यानं फोन भसीनांच्या हातात दिला. भसीन मागच्या बाजूला धावत गेले असावेत, कारण त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"सीढ़ी लग गई जी... चढ़ गया... तार खोल रहा है... खुल गई ग्रिल!... शीशा तोड़ा... अंदर गया जी."

मग काहीच नाही. राजाभाऊंनी माझा दंड धरला होता. ढाब्यावरचा पोऱ्या बिल घेऊन आला, त्याला कुणीतरी हातानंच थांबवलं. आमची सगळी बस माझ्याभोवती उभी होती.

"नीचे से अफसर बोल रहा है, खोल दो सामनेवाला," भसीन म्हणाले. "मतलब अंदर का दरवाजा बंद हो गया होगा. पानी मार रहे हैं जी, भाप निकल रही है... ओ जी! ओ भाईसाब! खिड़की में आ गईं! भाभीजी आ गईं!"

थोड्या वेळानं फोनवर खोकला ऐकू आला. तो मी कुठेही ओळखला असता.

"अहो," कुमुद म्हणाली. आवाज पार घोगरा झाला होता. "पोचलात का पानिपतला?"

"निघालोच," मी म्हणालो.

"लगेच येऊ नका. घर फार घाण झालंय."

राजाभाऊंनी बस परत फिरवायला लावली. त्या वर्षी आमचं मंडळ मुरथलहूनच मागे आलं आणि कुणी तक्रार केली नाही.

ती दवाखान्यात थोडे दिवस राहिली. आग लागली तेव्हा घरातल्या मागच्या खोलीचं दार अर्धं उघडंच होतं. धुरानं तिला जाग आली तेव्हा उठायची ताकद नव्हती, ती पलंगाच्या कडेला खाली सरकली होती. पुढे ही गोष्ट ती प्रत्येकाला सांगायची. "खिडकी फोडून माणूस आत आला. मी हात वर केला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि पाठ फिरवून दार लावायला गेला मेला! म्हटलं, हा काय चोर आहे की काय? दार लावून आला आणि म्हणतो कसा, चलिए माताजी, जसं काही सिनेमाला जायचंय."

त्यानंतर आम्हाला बरीच वर्षं मिळाली. सुनीतीचं, आमच्या मुलीचं, दुसरं बाळंतपण कुमुदनं गुरुग्रामला राहून केलं. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. आम्ही भांडलो, पत्ते खेळलो, करोनाच्या काळात महिनोन्‌महिने एकमेकांची तोंडं बघत बसलो. मी पोळ्या शिकलो. त्या गोल होत नाहीत, पण फुगतात. हे सगळं मला कुणीतरी दिलं, हे मी विसरत नाही.

ती गेल्यावर दिवसकार्य झालं आणि मी दहियाला फोन केला. तो आता दिल्लीतल्याच रोहिणी भागातल्या अग्निशमन केंद्रात असतो. आवाज तसाच. कुमुद गेल्याचं मी सांगितलं.

मी म्हणालो, "आपका शुक्रिया करना था."

"बाऊजी, उस दिन आप फोन पे टिक गए, इसलिए हुआ. वरना लोग रोने लगते हैं." मग म्हणाला, "एक बात बताऊँ? हमने स्ट्रेचर लगाया था. माताजी ने मना कर दिया. बोलीं, नीचे सारी सोसायटी खड़ी है, लेट के नहीं जाऊँगी. बाल ठीक किए और ऍम्बुलन्स तक चल के गईं. इरफान का हाथ पकड़ के."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. इतक्या वेळा ती गोष्ट सांगितली, पण हे नाही.

मी त्याला म्हटलं, "एक बार फिर बताइए." आणि त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.